जोत्यावरचं पाणी

आबांना आयुष्यातला पहिला संशय कधी आला हे कुणाला सांगता येणार नाही, पण बहुधा पाळण्यातच आला असावा. दूधवाला दारात आला की ते दुधाकडे न बघता दूधवाल्याच्या बोटांकडे बघत. कुणी विनाकारण हसलं की याचं काहीतरी काम अडलंय, आणि कुणी हसलंच नाही तर याने काहीतरी लपवलंय, असा त्यांचा सरळ हिशोब होता. गल्लीत त्यांना टकटक आबा म्हणत. कुणाच्याही घरी गेले तरी बसायच्या आधी ते उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर भिंतीवर दोनदा वाजवत आणि कान देऊन ऐकत. भिंत भरीव वाजली तर मधल्या खोलीत ऐसपैस बसत. पोकळ वाजली तरीही बसत, पण दाराजवळच्या खुर्चीवर.

एकेचाळीस वर्षं त्यांनी गवंडीकाम केलं होतं. काम शिकले ते मामाच्या हाताखाली. मामाने त्यांना दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली, माणूस खोटं बोलतो, ओळंबा बोलत नाही. दुसरी, नव्या बांधकामाला पाणी पाजायला कधी विसरायचं नाही. सिमेंटचं काम पाण्यावर पोसतं, निदान चौदा दिवस तरी त्याला रोज भिजवावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं आणि पुढे जन्मभर बांधणाऱ्याच्या नावाने रडतं. पहिली गोष्ट आबांनी डोक्यात ठेवली आणि दुसरी हाडात मुरवली. अंगात ताप असला तरी पहाटे उठून ते कामावर जात आणि भिंतींना पाणी मारून परत येऊन झोपत. स्वतःच्या लग्नाच्या सकाळीही ते आधी एका शाळेच्या कुंपणाला पाणी घालून आले होते. त्यांची बायको जिवंत असेपर्यंत सांगायची, मला एक सवत आहे, आणि ती विटांची आहे.

राहतं घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलेलं होतं. गल्लीच्या खालच्या टोकाला पूर्वी एक तळं होतं, ते बुजवून तिथे जागा पाडल्या होत्या, त्यातली ही एक. दीड विटेच्या भिंती. बाहेरून ट्रक गेला तरी ताटातला चमचा हलायचा नाही. या घराबद्दल कुणी बोलायला लागलं की आबांचा आवाज मऊ व्हायचा, जसा इतरांचा नातवंडांबद्दल बोलताना होतो. घराला खोड एकच होती. मागच्या खोलीतल्या उत्तरेच्या भिंतीवर, गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत, दर वर्षी रंग फुगायचा आणि पोपडे धरायचे. जुना चुना फुलतोय, एवढंच आबा म्हणत. मग एका रविवारी ते पोपडे खरवडत, वर पुट्टी भरत आणि नवा रंग लावत. 'ओल' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारायचा नाही, असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण कुणी उच्चारत नव्हतं.

बायको गेली तेव्हा लेक, जावई आणि तीन वर्षांची नात त्यांच्याकडे राहायला आली. लेक दवाखान्यात नर्स होती. जावई चष्म्याच्या दुकानात होता, आणि मितभाषी होता, म्हणजे आबांच्या लेखी पहिल्या दिवसापासून संशयित होता. नातीचा पलंग मागच्या खोलीत लागला, उत्तरेच्या भिंतीला.

दोनेक वर्षांनी आबांना त्या खोलीच्या फरशीवर एक गोष्ट दिसली. पलंगाच्या पायांपासून निघालेले ओरखडे. सरळ, एकमेकांना समांतर आणि बरोबर हातभर लांब. आबांनी टेप आणून ते मोजले. मग खाली बसून प्रत्येक फरशी वाजवून पाहिली, कारण जावयाने तिच्याखाली काही पुरून ठेवलं असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. फरश्या सगळ्या भरीव वाजल्या. आबांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, हा त्यांचा सिद्धांत होता. पण ते ओरखडे त्यांच्या मनात राहिले, आणि पुढची चार वर्षं जावई काही बोलला की आबा आधी त्याच्याकडे बघत आणि मग फरशीकडे.

नातीचा खोकला पहिल्यांदा कधी आला हे नीट आठवत नाही, पण जायचं मात्र त्याने नाव घेतलं नाही. थंडी पडली की छातीत घरघर सुरू व्हायची आणि दोन जिने चढली तरी पोर भिंतीला टेकून उभी राहायची. ती नऊ वर्षांची झाली त्या वर्षी डॉक्टरांनी लेकीला समोर बसवून सांगितलं की औषधं मी देईन तेवढी देईन, पण पुढच्या थंडीत ही मुलगी कोरड्या घरात झोपली पाहिजे. आता आणखी एक थंडी अशी काढू नका.

लेकीने घरी येऊन वडिलांना फक्त एवढंच सांगितलं की आम्हाला जागा कमी पडते, मागच्या मोकळ्या जागेत आम्ही छोटं घर बांधतोय, आणि ते लाकडाच्या सांगाड्याचं बांधतोय. आबांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. ते पुन्हा ऐकल्यावर त्यांनी विचारलं की घर बांधताय की कपाट.

आणि मग सुतार आला. पन्नाशीचा, काटक, कानावर पेन्सिल, बोलणं तोलूनमापून. जावयाने त्याला शोधून आणलं होतं एवढं कळल्यावर आबांना पुढचं काही कळायची गरजच उरली नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि अंगणात खुर्ची टाकून त्यांनी सुताराची उलटतपासणी घेतली. ती दोन दिवस चालली.

विटेत काय वाईट आहे, हा पहिला प्रश्न. सुतार म्हणाला की विटेत काहीच वाईट नाही, जमिनीत आहे. इथे तळं होतं. भर घातलेल्या जमिनीवर विटेचं घर उभं करायचं तर पाया पुरुष-दीड पुरुष खोल न्यावा लागेल. लाकडाचा सांगाडा त्यामानाने हलका, त्याला उथळ पाया आणि त्यावर चौथऱ्यासारखं नीट जोतं पुरतं. वेळ किती, हा दुसरा. विटेचं घर बांधायला सहा महिने, आणि त्यातलं बांधकामाचं पाणी सुकायला पुढचं वर्ष. थंडीला चार महिने होते. सांगाड्याचे भाग सुताराच्या शेडमध्ये कापून, जुळवून तयार होणार होते, जागेवर आठवड्याभरात उभे राहणार होते, आणि त्या कामात पाण्याचा थेंब लागत नव्हता. आग लागली तर? भिंतीला आतून न जळणारे तक्ते लावतो, लाकूड त्याच्या मागे असतं. वाळवी? जोतं आणि लाकूड यांच्यामध्ये पत्रा घालतो. भूकंप झाला तर? वीट तडकते, लाकूड थोडं हलतं आणि पुन्हा जागेवर येतं.

आबांना एकाही उत्तरात फट सापडली नाही, आणि त्यामुळेच त्यांचा संशय बळावला. खऱ्या माणसाला एखादं तरी उत्तर येत नाही. शेवटी त्यांनी सुताराच्या शेडमध्ये जाऊन नमुन्याच्या भिंतीवर बोटाचं पेर दोनदा वाजवलं आणि विजयाने वळून पाहिलं.

"पोकळ आहे," ते म्हणाले.

"पोकळच आहे, आबा," सुतार म्हणाला. "त्या पोकळीत लोकरीसारखी गादी भरायची. ऊब आत राहते. तुमची भिंत भरीव आहे, म्हणून थंडी तिच्यातून चालत घरात येते."

हे वाक्य आबांनी लक्षात ठेवलं, सुताराच्या खात्यावर जमा करण्यासाठी.

लेक शहाणी होती. तिने सुताराला सांगून जोत्याचं काम वडिलांकडे दिलं. दगडापेक्षा वीट मऊ असं म्हणतात, तसं लाकडापेक्षा जोतं बरं म्हणून आबांनी ते घेतलं. आणि खरं सांगायचं तर काम सोडल्याच्या सहा वर्षांनी हातात थापी आल्यावर त्यांचे गुडघे दुखायचे थांबले. जोतं त्यांनी असं बांधलं की शेजारचा निवृत्त तलाठी दोनदा चष्मा पुसून बघून गेला. सुताराची अट एकच होती. जोत्याचा माथा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे पाणी पडलं तरी वाहून जाईल. आबांनी तसाच केला. फक्त माथ्याच्या कडेने त्यांनी चारही बाजूंनी सिमेंट-वाळूचा बोटभर उंचीचा बांध घातला. नव्या कामावर पाणी साठून राहावं म्हणून कुठलाही गवंडी घालतो तसा. चौदा दिवस झाले की छिन्नीने उडवून टाकायचा. यात सुताराला विचारण्यासारखं काही आहे असं आबांना वाटलं नाही. श्वास घ्यायच्या आधी कुणी विचारतं का?

पण सुतार अकराव्या दिवशीच सांगाडा घेऊन हजर झाला. आबांनी सांगितलं, अजून तीन दिवस पाणी मारायचं आहे. सुताराने जोत्यावर तळवा ठेवून पाहिला आणि म्हणाला की हलक्या सांगाड्याला हे भरपूर झालं, आता पाणी बंद करा. मग त्याने जोत्यावर काळा कागद अंथरला, त्यावर पत्रा, त्यावर सांगाड्याची सगळ्यात खालची आडवी पट्टी. कागदाचं टोक बाहेर लोंबत राहिलं आणि त्याच्याखाली आबांचा बोटभर बांध झाकून गेला.

सहा दिवसांत घर उभं राहिलं. लोक बघायला आले. सुतार आणि त्याचे दोन सोबती एक-एक भिंत जमिनीवरून उचलून उभी करत होते, जशी आपण चटई उभी करतो. छप्पर चढलं. आबा अंगणातल्या खुर्चीवरून खिळे मोजत होते. आणि त्यांच्या मनात एकच प्रश्न घुमत होता: यानं पाणी बंद करायला का सांगितलं?

त्याचं उत्तर त्यांना तिसऱ्या दिवशी सापडलं. जोतं कच्चं राहावं म्हणून. उद्या हे खोकं एका बाजूला कललं की सुतार सरळ बोट दाखवणार, माझं लाकूड चांगलं होतं, म्हाताऱ्याचं जोतं खचलं. एकेचाळीस वर्षांत ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही त्याच्या कपाळी शेवटच्या कामात बट्टा लावायचा, असा हा डाव होता. आबांना असा राग आला की त्यांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून, उजाडायच्या सुमाराला, कुणी उठायच्या आत ते मागच्या दाराने बाहेर पडत. न्हाणीघराच्या नळाला पाइप लावत आणि जोत्याला पाणी मारत. पाइप तीन बाजूंपर्यंत पुरायचा. चौथ्या बाजूला पोचायचा नाही, तिथे ते नुसता हात फिरवून येत. चौदा दिवस भरले तेव्हा त्यांना वाटलं, दुसऱ्याचं घर डोक्यावर घेतलेल्या जोत्याला थोडं जास्तच द्यावं. असं करता करता तीन आठवडे झाले. सुतार सकाळी नऊला यायचा तेव्हा बाहेरची बाजू सुकलेली असायची आणि आबा खुर्चीवर बसून पेपर वाचत असायचे.

तक्ते लावून भिंती बंद करायच्या आदल्या दिवशी सुताराने पिशवीतून एक यंत्र काढलं. मूठभर आकाराचं, पुढे दोन सुया. सुया लाकडात टोचल्या की लाकडात ओल किती त्याचा आकडा दिसायचा. वरच्या वाशांत चौदा आला. उभ्या खांबांत पंधरा. मग सुतार खाली वाकला आणि तळच्या पट्टीत सुया टोचल्या, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. अठ्ठावीस. तीन बाजूंना अठ्ठावीस-एकोणतीस, चौथीला पंधरा.

त्याने लेकीला बोलावून सांगितलं की काम थांबवावं लागेल. ओलं लाकूड भिंतीत बंद केलं तर आत बुरशी धरेल, आणि मग मुलीला जुन्या घरातून हलवण्यात काय अर्थ राहिला? बाकीचं लाकूड त्याने स्वतः मोजून घेतलं होतं. फक्त तळच्या पट्ट्या वखारीतून ऐनवेळी थेट जागेवर आल्या होत्या आणि त्या मोजायच्या राहिल्या होत्या. वखारवाल्याने सुक्यात ओलं मिसळलं, दुसरं काय? लेक अर्धवट भिंतीच्या चौकटीतून जुन्या घराच्या मागच्या खिडकीकडे बघत उभी राहिली.

आबांना झालेला आनंद लपवता येईना. संशय इतका रोकडा खरा ठरण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. त्यांनी दुपारभर गल्लीतल्या चार जणांना गाठून सांगितलं की मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो. आपण रोज पहाटे काय करतो ते त्यांच्या मनातही आलं नाही. ते पाणी त्यांनी जोत्याला दिलं होतं, लाकडाला नाही. आणि पाणी म्हणजे त्यांच्या लेखी औषध होतं, रोग नव्हता.

संध्याकाळी सुतार त्यांच्या खुर्चीजवळ येऊन उकिडवा बसला.

"आबा, परवा वखारवाला येतोय," तो म्हणाला. "माझं तो ऐकणार नाही. म्हणेल, तुझंच काम चुकलं. पण तुम्ही एवढी वर्षं भिंती बघितल्यात. ओल कुठून आली हे तुमच्याएवढं कुणाला कळणार? तुम्ही बघा आणि सांगा, ती लाकडातली आहे की बाहेरची. लाकडातली म्हणालात तर सगळाच माल परत करतो."

"आणि घर?"

"मग थंडीच्या आत नाही होणार. पुढे तुम्ही वीट म्हणाल तर वीट."

म्हणजे एक शब्द. आबांनी तो जिभेवर घोळवून पाहिला, गोड लागला. पण फुकट गोड लागणाऱ्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. हा माणूस आपल्यालाच पंच का नेमतोय? आणि आकडा सांगणारं ते यंत्र तरी कुणाचं, त्याचंच ना? आबा म्हणाले, यंत्र खरं बोलतं की नाही ते आधी मला पाहू दे. सुताराने एवढंच सांगितलं की ते लाकडासाठी केलेलं आहे, भिंतीवर नेमका आकडा येणार नाही, ओलं की सुकं एवढं मात्र कळेल. आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आबांनी यंत्राची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट, बारा. खुर्चीचा पाय, बारा. पुढच्या खोलीची भिंत, आकडा जेमतेम हलला. नळाखालची भिजलेली फळी, आकडा सरसर चढला. आबा नाराज झाले. यंत्र लबाड आहे हे सिद्ध करायचं तर ते चुकीचं बोलेल अशी जागा हवी होती. जी जागा कोरडी आहे हे आपल्याला छातीठोक माहीत आहे अशी. ते मागच्या खोलीत गेले, नातीची उशी बाजूला केली आणि उत्तरेच्या भिंतीत सुया टोचल्या.

आकडा चढत गेला, टोकाला पोचला आणि यंत्र वाजायला लागलं.

आबांनी सुया पुसल्या. खुर्चीच्या पायात टोचून पाहिलं, बारा. परत भिंतीत. परत वाजलं. त्यांनी उशीच्या जागी टोचलं, पायथ्याशी टोचलं, हातभर वर टोचलं. मग यंत्र पलंगावर ठेवून त्यांनी नखाने रंग खरवडला. पिवळसर, निळा, पुन्हा पिवळसर, फिका हिरवा, पांढरा. प्रत्येक वर्षाचा एक थर, सगळे त्यांच्याच हातचे. त्यांच्या मागचा गिलावा काळा पडला होता आणि बोटाला चिकटत होता. त्यांनी बोट नाकाशी नेलं. जुन्या चुन्याला असा वास येत नाही हे एकेचाळीस वर्षांच्या गवंड्याला कुणी सांगायला नको होतं.

ते पलंगावर बसले. जन्मभर त्यांनी सगळ्या जगाच्या भिंती वाजवल्या होत्या आणि ही एक कधी वाजवली नव्हती. नातीचं डोकं रोज या भिंतीपाशी होतं, सहा वर्षं. आबांना लाज वाटली, इतकी की रिकाम्या घरातही त्यांना तोंड कुठे करावं कळेना.

बऱ्याच वेळाने गवंडी जागा झाला. ओलीची खोड अशी की ती आली तिथून रेघ ओढत येते. नव्या घरात ओल फक्त तळाला होती. तीनच बाजूंना होती. आणि चौथ्या बाजूला नव्हती, जिथे पाइप पोचत नव्हता.

आबा मागच्या अंगणात गेले, ओणवे झाले आणि लोंबणारा काळा कागद वर उचलला. बांध आणि लाकडाच्या मधे बोटभर पाणी उभं होतं. तळची पट्टी त्यात आपली बाजू भिजवत बसली होती. कागद आणि पत्रा खालची ओल अडवत होते, बाजूने साठलेल्या पाण्याला ते काय करणार? पाण्यात डासांच्या अळ्या सुखाने नांदत होत्या.

ते घरात जाऊन छिन्नी आणि हातोडी घेऊन आले. अर्ध्या तासाचं काम होतं. बांध उडवायचा, पाणी झाडून टाकायचं, आणि उद्या चौघांसमोर म्हणायचं, ओल लाकडातली आहे. वखारवाला खोटा ठरेल, सुतार जाईल, वीट येईल, आणि आपल्या हातून काही घडलं हे कुणाला कधी कळणार नाही. छिन्नी त्यांनी बांधावर टेकवलीसुद्धा. तेवढ्यात शाळेतून आलेली नात दारातून आत गेली, आणि दप्तर ठेवायच्या आधी तिचा खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग एक लांबलचक. आबांनी छिन्नी खिशात घातली. बांध आणि पाणी जसंच्या तसं ठेवून ते आत गेले.

वखारवाला सकाळी आला तो भांडायच्या तयारीनेच. लठ्ठ, घामाघूम, हातात मालाचे कागद. सुतार, लेक, जावई, सगळे जोत्यापाशी उभे राहिले. सुतार म्हणाला, आबा बघतील आणि सांगतील.

"बघायचं काही नाही," आबा म्हणाले. "ओल बाहेरची आहे. मी घातलीय."

कुणाला काही कळलं नाही. आबांनी वाकून स्वतःच कागद उचलला आणि धरून ठेवला, सगळ्यांचं बघून होईपर्यंत. रोज पहाटे पाइप लावत होतो हे सांगितलं. का लावत होतो तेही सांगितलं, सुताराच्या तोंडावर, एक अक्षर न गाळता.

वखारवाल्याने कपाळ पुसलं. "माझे केस या धंद्यात गेले," तो म्हणाला, "पण चूक माझी म्हणणारा गवंडी आज पहिल्यांदा बघितला."

सुताराने आधी वखारवाल्याची माफी मागितली. मग तो जोत्यापाशी बसला, पेराने तळची पट्टी वाजवली आणि पेन्सिलीने तिच्यावर एक खूण केली. लाकूड चांगलं आहे, तो म्हणाला, एवढंच कळायला हवं होतं. तीन पट्ट्या बदलू. दोन दिवस लागतील.

आबांना वाटलं तो थट्टा करतोय. उभ्या घराच्या तळची पट्टी कशी बदलणार? भिंतीचा खालचा थर बदलायचा म्हणजे भिंत पाडायची, हे त्यांना शेंबडं पोर असल्यापासून माहीत होतं. सुताराने दोन जॅक आणले, गाडीचं चाक बदलताना लावतात तसले, जरा मोठे. ते भिंतीखाली लावून तो दांडा फिरवू लागला. लाकूड कुरकुरलं. आणि छपरासकट ती भिंत जोत्यावरून एक बोट वर आली. ओली पट्टी बाहेर ओढली, सुकी आत सारली. आबा कडेने बसून छिन्नीने आपला बांध उडवत होते. हात थांबवून ते त्या फटीतून पलीकडचं अंगण बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी भिंती बांधलेल्या पाहिल्या होत्या, पाडलेल्या पाहिल्या होत्या. उचललेली कधी पाहिली नव्हती.

लेक चहा घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, बस जरा. ती जोत्यावर बसली.

"आपल्या घराची पट्टी काढता येत नाही," आबा म्हणाले. "पोरीच्या पलंगामागे ओल आहे. चुना नाही, ओल आहे. मी दर वर्षी वर रंग लावत होतो."

लेक कपातल्या चहाकडे बघत होती. "माहीत आहे, आबा."

"कधीपासून?"

"आलो त्याच वर्षापासून. नर्स आहे मी. रोज ती झोपली की मी पलंग भिंतीपासून हातभर ओढते. सकाळी तुम्ही उठायच्या आत परत लावते. तुम्हाला दिसलं असतं तर वाईट वाटलं असतं."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. फरशीवरचे ते ओरखडे, हातभर लांब, टेप लावून मोजलेले. पहाटे ते जगाला फसवून पाणी मारायला उठत होते, त्याच्या थोडं आधी त्यांची लेक उठत होती. बिचाऱ्या जावयाकडे त्यांनी चार वर्षं चोर म्हणून पाहिलं होतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, सिमेंटच्या धुळीचा, आणि तिने तो झटकला नाही.

भिंती सुक्या निघाल्या, तक्ते लागले, आणि थंडीला तीन आठवडे असताना सामान हललं. आबांनी आदल्या रात्री चार वेळा सांगून ठेवलं होतं की पलंग मी लावणार. तो त्यांनी आणि जावयाने मिळून उचलून आणला. वाटेत आबांनी जावयाला दोनदा विचारलं, जड नाही ना होत, आणि जावयाने घाबरून नाही म्हणून सांगितलं.

नव्या खोलीत शिरल्यावर सवयीने त्यांनी पेर उचललं आणि भिंत दोनदा वाजवली. पोकळ. त्यांनी पलंगाच्या पट्टीला दोन्ही हात लावले आणि तो सरकवत नेला, लाकूड भिंतीच्या तक्त्याला टेकल्याचा आवाज येईपर्यंत. मग मधे बोट घालून पाहिलं. बोट जात नव्हतं.

"आता ओढू नकोस," ते लेकीला म्हणाले, आणि उशी आणायला जुन्या घरात गेले.